सम आणि विषम

परदेशी शिक्षण हा विषय आता सदलग्यासारख्या गावालाही नवा राहिलेला नाही. उसाच्या फडांत वाढलेली आमच्याकडची मुले आज जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया ही नावे ज्या सहजतेने उच्चारतात, त्या सहजतेने आमच्या पिढीने पुण्या-मुंबईचीही नावे उच्चारली नव्हती. कोण किती कर्ज काढून गेला आणि कोणाला किती पगार मिळाला, याच्या वार्ता संध्याकाळी कट्ट्यावर रंगत असतात. त्या वार्तांत भर घालण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला लिहायचे आहे ते जेमतेम पाच महिन्यांच्या, नोकरी न देणाऱ्या आणि पगार न वाढवणाऱ्या एका सत्राविषयी. आमच्या थोरल्या बंधूंची नात २०२४ च्या फेब्रुवारीत बेल्जियममधील लूव्हँ-ला-नव्ह या फ्रेंच भाषक नगरात एक सत्र शिकावयास गेली आणि जूनअखेरीस परतली. एवढ्या अवधीत तिने फ्रेंच भाषा किती आत्मसात केली, हे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु एका भाषासीमेवर जन्मलेल्या मुलीने दुसऱ्या भाषासीमेवर राहून जे काही सोबत आणले, त्यावरून आमच्या घरात पुष्कळ वादंग झाला. तो वाद केवळ आमच्या घरापुरता नाही. पिढ्यान्‌पिढ्या परभाषक मुलखात राहून घरात मराठी जपणाऱ्या आपल्या वाचकांनाही तो परका वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे.

प्रथम आमच्या गावाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. सदलगा हे बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यातील, दूधगंगेच्या काठचे गाव. थोड्याच अंतरावर कोल्हापूर जिल्ह्याची हद्द लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि आमच्यासारख्या अनेक घरांचे व्यवहार दोहोंकडे विभागले गेले. सोयरिकी कागल-शिरोळकडे, बाजारहाट निपाणी-इचलकरंजीस, आणि सरकारदरबार चिकोडी-बेळगावला. घरात मराठी, शेजारी कन्नड, आणि शेताच्या बांधावर दोन्ही. आमच्या नातीचे प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत झाले. कन्नड हा विषय ती सक्तीचा म्हणून शिकली आणि गुणपत्रिका हाती पडताच विसरली. पदवी तिने निपाणीच्या देवचंद महाविद्यालयातून घेतली. निपाणी शहर कर्नाटकात, आणि त्याला लागूनच असलेले हे महाविद्यालय मात्र कागल तालुक्यातील अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात व शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगून खरी वाटत नाही. आमच्या मुलांना मात्र तिचे काहीच नवल नसते.

पुढे अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ती पुण्यास गेली आणि तेथील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी फ्रेंच शिकू लागली. फ्रेंचच का, असे आमच्या बंधूंनी विचारले, तेव्हा तिच्यापाशी नेमके उत्तर नव्हते. आमच्यापाशी होते. मराठी आणि पॅरिस यांचे नाते आपण समजतो त्याहून जुने आहे. मराठी भाषेच्या घडणीचा शास्त्रशुद्ध इतिहास सांगणारा मोठा ग्रंथ झ्यूल ब्लॉक या पॅरिसच्या पंडिताने फ्रेंच भाषेत लिहिला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. ना. गो. कालेलकर पॅरिसला जाऊन भाषाशास्त्र शिकले आणि परतल्यावर त्यांनी ते शास्त्र सोप्या मराठीत आपल्या हाती दिले. त्यांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या ग्रंथास १९६७ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. कोणतीही बोली जात्या शुद्ध वा अशुद्ध नसते, प्रमाणभाषा ही अनेक बोलींपैकीच प्रतिष्ठा पावलेली एक बोली असते, ही दृष्टी मराठी वाचकाला ज्यांनी दिली त्यांत कालेलकर अग्रगण्य होत. जाताना तिच्या सामानात आम्ही त्यांचे पुस्तक घातले. तिच्या आजीने त्याच पिशवीत ज्वारीचे पीठ आणि कांदा-लसूण मसाला घातला. दोहोंपैकी अधिक काय उपयोगी पडले, हा प्रश्न आम्ही तिला अद्याप विचारलेला नाही.

तिचा फोन दर रविवारी येई. पहिल्या काही आठवड्यांत ज्या गोष्टी तिने सांगितल्या, त्यांत आम्हां निवृत्त सरकारी नोकरास विशेष रस वाटला तो तेथील नगरपालिकेतील नोंदणीचा. तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने पोहोचताच नगरपालिकेत वर्दी द्यावयाची असते. त्यानंतर त्या भागाचा पोलीस अंमलदार स्वतः दारी येऊन सांगितलेल्या पत्त्यावर ती व्यक्ती खरोखर राहते की नाही याची खातरजमा करतो. स्थळपाहणी आणि पंचनामा या गोष्टी ब्रिटिशांनी आपल्यालाच लावून दिल्या, असा आमचा समज होता, तो दूर झाला. त्या अंमलदाराशी बोललेली दहा वाक्ये ही तिची आयुष्यातील पहिली खरी फ्रेंच. तो शांतपणे थांबून ऐकत होता आणि ती अडखळली की शब्द पुरवत होता, असे ती म्हणाली. पुढे सांगावयाच्या सर्व गोष्टींचे मूळ आम्हांला त्या दहा वाक्यांत दिसते.

दुसरी गंमत अंकांची. पुण्यात ती जी फ्रेंच शिकली ती पॅरिसची. तीत सत्तर म्हणावयाचे झाल्यास ‘साठ-दहा’ म्हणतात आणि नव्वद म्हणावयाचे झाल्यास ‘चार-वीस-दहा’. बेल्जियममधील फ्रेंच भाषक मात्र ‘सेप्तांत’ आणि ‘नोनांत’ असे सरळ, एकेका शब्दाचे अंक वापरतात. मंडईत तिने पॅरिसच्या पद्धतीने हिशेब केला तेव्हा भाजीवालीला तो समजला. पण उलट आलेला ‘नोनांत’ हिला समजला नाही. पुस्तकातील प्रमाणभाषा ही बाजारात जाऊन अशी थबकते. सदलग्याचे मराठी बोलणारी मुलगी पुण्यात बोलू लागली की वर्गातील मुले गालांत हसत. येथे पॅरिसची फ्रेंच बोलणारी तीच मुलगी बेल्जियन भाजीवालीपुढे उभी होती, आणि कोणीच हसले नाही. कालेलकरांचे पुस्तक तिने त्याच आठवड्यात उघडले.

तिसरी गोष्ट एका शब्दाची. तेथे विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोलीस ‘कोट’ म्हणतात. सगळे नगर या कोटांनीच भरलेले आहे. हा शब्द तिच्या फ्रेंच शब्दकोशात काही केल्या सापडेना. अखेरीस शेजारच्या खोलीतील मुलीने सांगितले, की हा शब्द मुळात फ्रेंच नाहीच. तो डच भाषेतला आहे, आणि त्याचा अर्थ झोपडी, खोपटे. सगळे नगर फ्रेंच बोलणारे, आणि निवाऱ्याचा शब्द तेवढा डच, असे का, असे हिने विचारले. त्यावर जी कथा निघाली, ती ऐकून त्या रविवारचा फोन दीड तास चालला.

ती कथा थोडक्यात अशी. लूव्हँचे विद्यापीठ १४२५ साली स्थापन झाले, म्हणजे २०२५ साली त्यास सहाशे वर्षे पूर्ण झाली. ज्या मूळ नगरात ते स्थापन झाले त्या नगरास डच भाषेत ल्यूव्हन म्हणतात आणि फ्रेंचमध्ये लूव्हँ. नगर डच भाषकांचे, पण तेथील उच्च शिक्षणाची, कायदेकचेऱ्यांची आणि प्रतिष्ठितांची भाषा दीर्घकाळ फ्रेंच. बहुसंख्य लोकांनी आपल्याच गावात दुसऱ्याच्या भाषेत शिकावयाचे, न्याय मागावयाचा आणि नोकरी करावयाची, ही स्थिती डच भाषकांना सोसवेनाशी झाली. हळूहळू विद्यापीठात डच भाषेतील शिक्षण सुरू झाले आणि एकाच विद्यापीठाचे दोन विभाग झाले. १९६२ च्या कायद्याने देशात भाषेची सीमारेषा आखली गेली, तीत ल्यूव्हन डच बाजूस आले. तरीही फ्रेंच विभाग तेथेच राहून विस्ताराच्या योजना आखू लागला, तेव्हा १९६८ च्या आरंभी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ‘वालोनांनो, बाहेर व्हा,’ ही त्यांची घोषणा होती. वालोन म्हणजे तेथील फ्रेंच भाषक. त्या वर्षी ७ फेब्रुवारीस या प्रश्नावरून देशाचे मंत्रिमंडळ कोसळले आणि विद्यापीठ दुभंगले. फ्रेंच विभागाने सीमेपलीकडे, बीटाच्या शेतांच्या माळावर, एक नवे नगर वसवावयास घेतले. १९७१ साली पायाचा दगड बसला, १९७२ साली पहिले विद्यार्थी आले, आणि १९७९ पर्यंत स्थलांतर पुरे झाले. लूव्हँ-ला-नव्ह या नावाचा अर्थच मुळी ‘नवे लूव्हँ’ असा आहे. नगराचा मध्यभाग एका प्रचंड काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभा आहे. मोटारी खालून धावतात आणि माणसे वर पायी चालतात. आणि ज्यांना त्या गावातून बाहेर काढले, ते येताना ज्या खोल्यांत राहत होते त्यांचे डच नाव मात्र बरोबर घेऊन आले. माणसांना वेशीबाहेर काढता येते, शब्दांना काढता येत नाही. आपल्या शालेय व्याकरणात अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे कानडीतून आलेले शब्द म्हणून आपण पाठ करतो. कोणताही ठराव झाला म्हणून ते आपल्या घरातून उठून जातील, असे दिसत नाही.

या कथेतील ज्या भागाने आमच्या नातीस, आणि तिच्यामागून आम्हांला, अस्वस्थ केले, तो भाग ग्रंथालयाचा आहे. ल्यूव्हनचे विद्यापीठ-ग्रंथालय १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने जाळले. सुमारे तीन लाख ग्रंथांची राख झाली. साऱ्या जगाने हळहळ व्यक्त केली, अमेरिकेतून वर्गणी आली, नवी भव्य वास्तू उभी राहून १९२८ साली उघडली. १९४० च्या मे महिन्यात ती दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जळाली, आणि या वेळी गेलेल्या ग्रंथांची संख्या नऊ लाखांच्या घरात होती. तरीही लोकांनी ती पुन्हा उभारली. आणि विद्यापीठाची वाटणी झाली तेव्हा त्याच ग्रंथालयातील पुस्तके दोन्ही पक्षांत वाटली गेली. वाटणीचे सूत्र ठरले ते असे, की ज्या ग्रंथांचे क्रमांक सम ते एकाकडे आणि ज्यांचे विषम ते दुसऱ्याकडे.

आमचे आयुष्य महसुली कामात गेले. वाटणीपत्रे आम्ही पुष्कळ पाहिली. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, आंब्याच्या झाडाचा मोहोर वाटला जातो, देवघरातील टाकही वाटले जातात. वाटणीत अन्याय होऊ नये म्हणून चिठ्ठ्या टाकण्याची रीत आपल्याकडेही जुनी आहे. त्या दृष्टीने सम-विषमाचे सूत्र निर्दोष होय. कोणासही अधिक नाही, कोणासही उणे नाही. परंतु शेजारी शेजारी राहून एकमेकांस अर्थ देणारी दोन पुस्तके केवळ क्रमांकाच्या न्यायाने दोन नगरांत गेली, आणि पूर्ण ग्रंथालय कोणाच्याच वाट्यास आले नाही. जे ग्रंथालय परक्या सैन्याने दोनदा जाळले, ते तिसऱ्या वेळी त्याच्या स्वतःच्या लेकरांनी, एकही काडी न ओढता, अर्धे केले.

येथे वाचकांनी असे समजू नये की, आम्ही त्या डच भाषक विद्यार्थ्यांस दोष देत आहोत. त्यांची तक्रार खरी होती. आपल्या गावात आपली भाषा दुय्यम ठरणे म्हणजे काय, हे सीमाभागातील माणसास कोणी शिकवावे लागत नाही. त्याच लूव्हँच्या विद्यापीठात शिकलेला एक तरुण १९६८ च्या कितीतरी आधी फ्रेंचच्या वर्चस्वाविरुद्धच्या चळवळीत पडला होता. तो पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊन भारतात आला. येथे येऊन पाहतो तो सुशिक्षित भारतीय स्वतःच्या भाषेला लाजून इंग्रजी बोलत आहेत. ते पाहून त्याने हिंदीचा ध्यास घेतला, अलाहाबाद विद्यापीठात रामकथेवरील आपला प्रबंध हट्टाने हिंदीतच लिहिला, आणि पुढे एक प्रमाणभूत इंग्रजी-हिंदी कोश रचला. ते हे फादर कामिल बुल्के. भारत सरकारने १९७४ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्यांचा कोश १९६८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या वर्षी त्यांचे विद्यापीठ भाषेवरून फुटले, त्याच वर्षी त्यांनी दोन भाषा एका ग्रंथात बांधून दाखविल्या. आपल्या भाषेचा अपमान सोसलेला माणूस दुसऱ्याच्या भाषेचा मान ठेवावयास शिकतो, असा बुल्के यांच्या आयुष्याचा अर्थ आम्ही लावतो.

एका शनिवारी आमची नात आगगाडीने त्या जुन्या ल्यूव्हनला जाऊन आली. ओत्तिनी स्थानकावर गाडी बदलावी लागते. तेथपर्यंत स्थानकांची नावे आणि डब्यातील सूचना फ्रेंचमध्ये. पुढे गाडी भाषेची सीमा ओलांडते आणि तोच वाहक त्याच आवाजात डच बोलू लागतो. मध्ये ना नाका, ना नदी. शेते तीच, गाई त्याच. तिला त्या क्षणी निपाणी-कोल्हापूर रस्ता आठवला. तेथेही पाटीची लिपी बदलते आणि ऊस तोच राहतो. ग्रंथालयाच्या मनोऱ्याखाली उभी राहून तिने आम्हांला फोन केला आणि विचारले, “आबा, आपल्याकडे सम काय गेलं आणि विषम काय राहिलं?”

या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला फोनवर दिले नाही. कारण ते उत्तर आमच्या घरातच उभे होते. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध सीमाभागात आंदोलन पेटले, तेव्हा आमचे बंधू निदर्शकांत होते आणि आम्ही नुकतेच राज्यशासनाच्या सेवेत स्थिरावलो होतो. एका घरातील एक भाऊ घोषणा देत होता, आणि दुसरा कार्यालयात बसून कन्नडमध्ये टिप्पणी लिहीत होता. बंधूंनी आम्हांला कधी एका शब्दाने दुखविले नाही, आम्हीही त्यांना कधी अडविले नाही. आईने दोघांना एकाच ताटव्यातली भाकरी वाढली. पण त्या उन्हाळ्यापासून भाषा हा विषय आमच्या दोघांत कधी निघाला नाही. एकाच कपाटातील पुस्तके असावीत आणि क्रमांकावरून दोन दालनांत गेलेली असावीत, तसे आम्ही दोघे या एका बाबतीत अडतीस वर्षे राहिलो.

तिच्या मुक्कामाच्या पहिल्याच महिन्यात, १८ फेब्रुवारी २०२४ रोजी, आचार्य विद्यासागर महाराजांनी डोंगरगड येथे देह ठेवला. महाराज मूळचे आमच्या सदलग्याचे. १९४६ साली येथील एका कन्नड भाषक जैन घरात त्यांचा जन्म झाला आणि शाळाही कन्नडमध्येच झाली. १९६८ साली अजमेर येथे त्यांनी मुनिदीक्षा घेतली, गुरूंपाशी संस्कृत व हिंदीचे अध्ययन केले, आणि ‘मूकमाटी’ हे त्यांचे महाकाव्य हिंदीत अवतरले. गाव त्या दिवशी सुन्न होते. नातीने ती वार्ता तिकडे आपल्या खोलीत वाचली. पुढे एकदा ती म्हणाली, की सदलग्याच्या मुलाने दुसऱ्या भाषेत महाकाव्य लिहिले याचा आपल्याला अभिमान वाटतो, मग सदलग्याच्या मुलीला शेजारणीच्या भाषेत चार ओळी लिहिता येत नाहीत याची खंत का वाटत नाही? आपल्या वाचकांना येथे द. रा. बेंद्रे आठवतील. घरची भाषा मराठी, आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार कन्नड कवितेसाठी. धारवाडच्या त्या थोर कवीने मराठी सोडली नाही, उलट मराठीतही लिहिले. एका भाषेत घर केले म्हणून दुसरीतले घर मोडावे लागत नाही, याची साक्ष त्यांच्याइतकी दुसरी कोणती?

जूनअखेर ती परतली आणि आठ-पंधरा दिवसांतच तिने घरात सांगितले, की तिला कन्नड नीट शिकावयाची आहे. कारणही व्यवहाराचे होते. निपाणीच्या तंबाखू-शेतकऱ्यांवर तिला प्रबंध लिहावयाचा आहे. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे जे आंदोलन झाले, त्यात महामार्गावर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांत मराठी बोलणारेही होते आणि कन्नड बोलणारेही. दोघांच्या तंबाखूस भाव एकच मिळत होता. आठवणी सांगणारे वृद्ध आज दोन्ही भाषांत आहेत, आणि कागदही. केवळ मराठी येणाऱ्याला त्या इतिहासातील सम क्रमांक तेवढे वाचता येतील.

बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फ्रेंच शिकलीस, कौतुक आहे. परक्याची भाषा माणूस हौसेनं शिकतो. पण लादलेली भाषा हौसेनं शिकायची नसती. शिकली, की लादणाऱ्याला वाटतं, बरं झालं, पचलं.”

हे वाक्य आम्हांला सोडावयाचे नव्हते, म्हणून येथे जसेच्या तसे दिले. त्यात अडतीस वर्षांची वेदना आहे, आणि त्यातील तर्क दुबळा नाही. मराठीत दाखला मिळावा, मराठीत फलक असावा, मुलाला मराठीत शिकता यावे, ही मागणी हक्काची आहे. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या साऱ्या वाटचालीत माणसे म्हातारी झाली. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांना सहिष्णुतेचे पाठ देणे सोपे असते, आणि ज्याने त्या काळात पेन्शनीची नोकरी केली त्याने तर ते मुळीच देऊ नयेत. आम्ही गप्प राहिलो.

नात मात्र गप्प राहिली नाही. ती म्हणाली, “पण आजोबा, तुम्ही बाजारात भाव कन्नडमध्येच करता. तुमच्याइतकं चांगलं कन्नड या घरात कुणालाच येत नाही.”

बंधू म्हणाले, “ती शेजाऱ्याची भाषा, बाळ. सरकारची वेगळी.”

“मग मला शेजाऱ्याचीच शिकवा,” ती म्हणाली.

या एका उत्तरात, आमच्या अल्पमतीप्रमाणे, तिच्या पाच महिन्यांचे सारे सार आहे. शासन जी भाषा लादते आणि शेजारी जी भाषा बोलतो, ती अक्षरशः एकच असली तरी माणसाच्या मनात दोन भाषा असतात. पहिलीविरुद्ध न्यायासाठी झगडावे, त्यात काहीच गैर नाही. पण झगड्याच्या भरात दुसरीही टाकून दिली तर आपले नुकसान आपणच केले, असे होते. ल्यूव्हनच्या विद्यार्थ्यांस न्याय मिळाला, तो मिळावयासच हवा होता. ग्रंथालय अर्धे होणे हा त्या न्यायाचा आवश्यक भाग नव्हता.

हे तिला सीमाभागात राहून का उमगले नाही आणि बेल्जियमला जाऊन का उमगले, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे. आमच्याकडे भाषेत चूक होणे ही लाजेची बाब आहे. कन्नड बोलताना मराठी माणूस चुकला की ओशाळतो, आणि मराठी बोलताना कानडी माणूस चुकला की आपण हसतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘रावसाहेबां’च्या लिंगभेदविरहित मराठीवर आपण सारेच खळखळून हसलो. त्या हसण्यात पुलंची अपार माया होती. आपल्या रोजच्या हसण्यात ती नेहमी असतेच, असे नाही. तिकडे पाच महिने ती रोज चुकत होती. वर्गात, दुकानात, नगरपालिकेत, सर्वत्र. सक्ती कोणाची नव्हती, गुण कोणी कापत नव्हते, आणि समोरचा माणूस थांबून ऐकत होता. चुकत बोलण्याची भीड एकदा मोडली, की मग कोणतीच शेजारची भाषा लांब राहत नाही. ही भीड मोडण्यासाठी सात हजार किलोमीटर जावे लागले, याचे आम्हांला वाईट वाटते. पण मोडली, हे खरे.

फ्रेंचमधील एक अडचण ती नेहमी सांगे. ‘वर’ आणि ‘खाली’ यांसाठी त्या भाषेत जे दोन शब्द आहेत, त्यांत फरक केवळ एका उकाराचा. मराठी कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात. मोटारी जेथे खालून आणि माणसे वरून जातात, अशा नगरात ही चूक महागाची. एका वर्गमैत्रिणीने तिच्याकडून तो उकार महिनाभर घोटून घेतला.

कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर आखूडही असतात आणि लांबही. मराठी जिभेस तो भेद साधत नाही. ‘कोडु’ यातील ओकार आखूड म्हटला तर त्याचा अर्थ ‘दे’, आणि लांबविला तर ‘शिंग’. गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही बंधूंकडे गेलो होतो, तेव्हा सोप्यात बसून नात मोठ्याने वाक्ये म्हणत होती आणि बंधू पाठमोरे बसून वर्तमानपत्र वाचण्याचे निमित्त करीत होते. तिने कुठल्याशा वाक्यात पाणी मागितले. बंधूंनी मान न वळवता म्हटले, “आखूड म्हण. शिंग मागतीस व्हय गं?” मग वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांनी तो स्वर स्वतः उच्चारून दाखविला. अडतीस वर्षांत त्यांच्या तोंडून इतके निर्मळ कन्नड आम्ही घरात प्रथमच ऐकले.